स्ट्रिपच्या मागे काय लिहिलंय?

हवा बदलली की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर शिंका सुरू होतात आणि ‘कुणाकडे सेट्रिझिन आहे का रे?’ हा प्रश्न पेन मागावं इतक्या सहज विचारला जातो. गोळी मिळते, तुम्ही घेता, दुसऱ्या दिवशी लेक्चरला डुलक्या काढता. एवढ्यानं लिव्हर खराब होतं का?

सहसा नाही. सेट्रिझिन बरीचशी लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते, लिव्हरला तिच्यावर फार राबावं लागत नाही. तिच्यामुळे कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत, पण मोजक्याच, आणि गोळी थांबवल्यावर पेशंट बहुधा बरे झालेत. तेव्हा ‘अ‍ॅलर्जीच्या गोळीनं लिव्हर सडतं’ असा मेसेज आला तर कृपया फॉरवर्ड करू नका.

म्हणून सगळं आलबेल आहे, असंही नाही. टर्फेनाडिन ही एकेकाळची अ‍ॅलर्जीची गाजलेली गोळी. लिव्हर तिचं रूपांतर फेक्सोफेनाडिनमध्ये करायचं आणि तेच खरं काम करायचं. पण लिव्हर आजारी असेल किंवा सोबत एरिथ्रोमायसिन, कीटोकोनाझोल अशी औषधं चालू असतील, तर हे रूपांतर अडायचं. मूळ औषध रक्तात साठायचं आणि हृदयाचे ठोके बिघडायचे. काहींचा त्यात जीव गेला. १९९८मध्ये अमेरिकेत ती बाजारातून गेली. सोबत काय घेतलंय, यावर सगळं अवलंबून असतं ते असं.

आणि आपण सोबत काय घेतो, हे आपल्याला माहीतच नसतं! ‘सर्दीची गोळी’ म्हणून मिळते तिच्यात अँटीहिस्टामिनबरोबर बऱ्याचदा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. ती दिवसातून तीनदा घेतली आणि अंग दुखतंय म्हणून वर ६५०ची पॅरासिटामॉल चारदा, तर बेरीज होते ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा आहे ४०००. त्यात वीकेंडची पार्टी असेल तर विचारूच नका. लिव्हरला खरा फटका बसतो तो इथे, आणि नाव मात्र अ‍ॅलर्जीच्या गोळीचं येतं.

जिममधल्या बारीक पोरांना ‘वजन वाढेल’ म्हणून सुचवली जाणारी सायप्रोहेप्टाडिन तर मुळात अँटीहिस्टामिनच. भूक वाढणं हा तिचा साइड इफेक्ट. तिच्यामुळे पित्ताचा प्रवाह अडून कावीळ झाल्याच्या नोंदीही आहेत, दुर्मीळ असल्या तरी. ट्रेनरच्या सांगण्यावरून महिनोन् महिने ती घेणं मला तरी शुद्ध वेडेपणा वाटतो.

अजून एक गोची आहे. पित्त अडलं की अंगाला खाज सुटते. खाज म्हटली की आपण पुन्हा अ‍ॅलर्जीचीच गोळी शोधणार! खाजेबरोबर डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, उजव्या बरगडीखाली दुखतंय, असं काही असेल तर गोळी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आठवड्याभरात घेतलेलं सगळं त्यांना सांगा, मित्राकडून घेतलेलंसुद्धा.

त्यासाठी नावं माहीत हवीत. केमिस्ट दोन गोळ्या कापून देतो, तेव्हा नाव आणि घटक बऱ्याचदा उरलेल्या तुकड्यावरच राहतात. कात्री लावण्याआधी स्ट्रिप मागून घ्या आणि मागच्या बाजूचा फोटो काढा. सेल्फीपेक्षा कमी वेळ लागतो.