ब्रश पुन्हा हाती घेता येतो

दहावीचे वर्ग सुरू झाले आणि बाबांचा फोन आला. "चित्रकला आता पुरे झाली. एनडीएच्या तयारीला लाग." बाबा सैन्यात आहेत. त्यांच्याशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही. मी "हो बाबा" म्हणालो आणि रंगांची पेटी ट्रंकेच्या तळाशी ठेवली. साताऱ्याला आठवीत एलिमेंटरीची परीक्षा दिली, ती याच पेटीने.

पुढे एकदा आमच्या सरांनी रुमाले चन्नबसवय्या यांच्याविषयी सांगितले. बंगळुरूच्या रस्त्यांवर फुललेले गुलमोहर आणि नीलमोहर ज्यांनी कॅनव्हासवर उतरवले, ते हे चित्रकार. १९१० मध्ये बंगळुरूजवळच्या दोड्डबळ्ळापूर येथे त्यांचा जन्म झाला. बंगळुरूच्या 'कलामंदिर' या चित्रशाळेत ते शिकत होते. तेवढ्यात स्वातंत्र्यलढ्याची हाक आली आणि त्यांनी ब्रश खाली ठेवला. पुढे सेवादलाचे काम केले, 'ताईनाडु' या कन्नड वृत्तपत्राचे संपादन केले, विधान परिषदेत सदस्य म्हणून बसले. पूर्ण वेळ चित्रे काढायला ते परतले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्यानंतर १९८८ मध्ये निधन होईपर्यंत ते निसर्गचित्रेच रंगवत राहिले.

हे ऐकून आधी मला धीर आला. त्यांना इतकी वर्षे थांबता आले, तर मला दोन वर्षे का थांबता येऊ नये? पण नंतर एक फरक लक्षात आला. रुमाले यांनी ब्रश ठेवला तो देशासाठी, स्वतःच्या निर्णयाने. मी ठेवला तो मार्कांच्या भीतीने.

माझ्या मते, चित्रकला ही अभ्यासाची शत्रू नाही आणि सैनिकी शिस्तीची तर मुळीच नाही. इंग्लंडमध्ये वुलिच येथील रॉयल मिलिटरी अकॅडमीत १७६८ पासून पॉल सँडबी हे प्रसिद्ध निसर्गचित्रकार चित्रकलेचे मुख्य शिक्षक होते. तेव्हा कॅमेरा नव्हता. समोरची टेकडी, नदीचे वळण, झाडांची रांग अधिकाऱ्याला स्वतः पाहून कागदावर उतरवावी लागे. आज कॅमेरा आणि ड्रोन आहेत, पण जमीन नीट पाहायची सवय यंत्र लावत नाही. मॅप रीडिंगच्या तासाला मला चढ-उतार लवकर कळतात. ती सवय मला चित्रांनीच लावली, असे मला वाटते.

मित्रांनो, फॉल-इन चुकवून चित्रे काढा, असे मी म्हणत नाही. प्रेपचा वेळ प्रेपलाच द्यावा. पण रविवारचा एक तास ज्याच्या त्याच्या आवडीसाठी राखला, तर कोणाचीही परीक्षा बुडणार नाही. आपल्या आवारातही झाडे फुलतात. त्यांच्याखालून आपण रोज धावतो, थांबून किती जण पाहतात?

बाबा, हा अंक घरी येईल तेव्हा तुम्ही हे पान वाचाल. एनडीएची तयारी मी मनापासून करत आहे, ती सोडणार नाही. फक्त रंगांची पेटी ट्रंकेतून बाहेर काढण्याची परवानगी हवी आहे. फोनवर हे बोलायचे धाडस झाले नाही, म्हणून इथे लिहिले.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी