‘किरमिजी’ कोणी चोरला?

बोदवडच्या कापडदुकानात लग्नाचा बस्ता बांधताना शालू किरमिजी हवा की डाळिंबी, हा प्रश्न सहज निघू शकतो. या शब्दावरून समाजमाध्यमांवर एक दावा फिरतो: संस्कृत ‘कृमिज’ अरबांनी उचलला, त्याचा ‘किर्मिझ’ केला, तोच इटालियनमध्ये ‘क्रेमिझी’ आणि इंग्रजीत ‘क्रिम्सन’ झाला; म्हणजे किडाही आपला आणि रंगही आपला. अरबीपासून पुढचा प्रवास खरा आहे. त्याचा आरंभ मात्र साफ चुकीचा सांगितला जातो.

हा किडा मुळात भारतातला नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या ओकच्या झुडपांवर तो वाढतो. त्याच्या वाळवलेल्या माद्या दाण्यांसारख्या दिसत, म्हणून इटलीतले रंगारी त्यांना ‘ग्राना’, म्हणजे दाणा, म्हणत. फारसीत ‘किर्म’ म्हणजे किडा. संस्कृत ‘कृमि’ ही त्या शब्दाची बहीण आहे, आई नव्हे. आणि ‘कृमिज’? अमरकोशाने हे नाव अगरूला, एका सुगंधी लाकडाला दिले आहे. तांबड्या रंगाशी त्याचा तिथे काडीचाही संबंध नाही.

मराठीची साक्षही याच बाजूची. संस्कृत ऋ प्राकृतातून मराठीत उतरताना त्यातला र गळतो: वृश्चिकाचा विंचू, मृत्तिकेची माती, पृष्ठाची पाठ. ‘किरमिजी’तला र शाबूत आहे. कृपेची किरपा होतेच की, असा प्रतिवाद येईल. पण मग हा शब्द गुलाबी, बदामी, आसमानी यांच्या पंगतीला कसा बसला? ती पंगत फारसीची आहे. खानदेशावर १३८२ ते १६०१ फारुकींचे राज्य होते आणि त्यांचे बुऱ्हाणपूर, कापडाची मोठी पेठ, बोदवडपासून फार दूर नाही. कापडासोबत रंगाचे नाव आले, तर त्यात कमीपणा कसला?

खरोखर इथून निघालेला शब्द मात्र या अभिमानवीरांना दिसत नाही. संस्कृत ‘लाक्षा’, प्राकृत ‘लक्खा’, फारसी ‘लाक’, अरबी ‘लक्क’, इटालियन ‘लाक्का’. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर इथेच राहतो. त्याच्या लाखेला अमरकोश ‘द्रुमामय’, म्हणजे झाडाचा आजार, असेही म्हणतो. पण ती गोळा करणारे हात रानातले आणि तिच्या बांगड्या घडवणारे लखेरे. किरमिजीने युरोपातल्या राजांचे झगे रंगवले. गौरवाचे संदेश किरमिजीवर निघतात, लाखेवर नाही.