काडीकचरा कुजविणारे भूमिपुत्र

नांदेड व लातूर जिल्ह्यांत उसाचे पाचट व पऱ्हाटी पेटवून देण्याची रीत अद्याप सुटलेली नाही. त्या आगीत जमिनीचे अन्नच जळते. वस्तुतः हा कचरा कुजविणारे सूक्ष्म जीव त्याच मातीत नांदतात. त्यांनी स्रवलेल्या सेल्युलेज या विकराने काडीतील तंतूंची साखर होते.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजविणारी बुरशी सापडली. तीच पुढे विकरांच्या उद्योगाचा आधार ठरली. मराठवाड्याच्या ४० अंशांवरील उन्हाळ्यात टिकणारे जिवाणू व बुरशी येथील उकिरड्यांतच शोधणे युक्त होय. नांदेड व परभणी येथील विद्यापीठांनी हे कार्य बांधापर्यंत न्यावे. शेतकऱ्यांनीही काडी न ओढता पाचटावर शेणकाला शिंपून ओल राखावी. ओलाव्यावाचून हे सेवक राबत नाहीत.