व्हिसामुक्त प्रवास : सवलत कोणाची, अडवणूक कोणाची?

जुलै 2025 मध्ये हेन्ली पासपोर्ट निर्देशांकात भारत 85 व्या क्रमांकावरून 77 व्या क्रमांकावर आला आणि 'भारतीय पासपोर्टची ताकद वाढली, 59 देशांत व्हिसाशिवाय प्रवेश' अशा बातम्या प्रत्येक ग्रुपवर फिरल्या. ऑक्टोबरमध्ये भारत पुन्हा 85 व्या क्रमांकावर गेला. ती बातमी फारशी कोणी पुढे पाठवली नाही.

या निर्देशांकाच्या आकड्यात एक गोम आहे. ज्या देशात खरोखर व्हिसा लागत नाही, जिथे विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो आणि जिथे आधी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते, असे सगळे देश त्यात एकत्र मोजले जातात. श्रीलंकेसाठी अशी ऑनलाइन परवानगीची पद्धत आहे. त्यामुळे 'व्हिसा नाही' याचा अर्थ 'काहीच लागत नाही' असा घेऊन तिकीट काढणारा माणूस फसतो.

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातून लुंबिनी, थायलंड, श्रीलंका अशा धम्मसहलींना जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. निवृत्त शिक्षक, रेल्वे आणि महापालिकेतले कर्मचारी, बचत गटातल्या महिला पै-पै जमवून जातात. दुसरीकडे आपलीच तरुण मुले कामाच्या शोधात त्याच विमानांनी त्याच देशांत जात आहेत. म्हणून हा विषय केवळ पर्यटनाचा राहिलेला नाही.

तपासणी संपत नाही, जागा बदलते

व्हिसा घ्यायचा असतो तेव्हा नकार मिळालाच तर तो घरी बसून मिळतो. फी बुडते, पण विमानाचे तिकीट, हॉटेल, सहलीचे पैसे बहुधा वाचतात. व्हिसामुक्त प्रवासात वकिलातीची खिडकी नसते. मग तपासणी होते ती विमान कंपनीच्या काउंटरवर, आपल्याच विमानतळावरच्या इमिग्रेशनमध्ये आणि शेवटी त्या देशाच्या दारात. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी सहसा विमान कंपनीवर येते, म्हणून तिचे कर्मचारी कागद बारकाईने बघतात. इथे नकार मिळाला तर सगळे पैसे खर्च झालेले असतात. ज्याने वर्षभराची बचत घातली आहे त्याला तो परवडत नाही.

थायलंडचे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना तिथे 30 दिवस व्हिसामुक्त प्रवेश मिळू लागला, जुलै 2024 मध्ये ही मुदत 60 दिवस करण्यात आली. पण पासपोर्टची वैधता सहा महिने शिल्लक असावी लागते. परतीचे तिकीट, राहण्याचे ठिकाण, खर्चाला पुरेसे पैसे याबद्दल विचारणा होऊ शकते. 1 मे 2025 पासून पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरणे बंधनकारक झाले. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत भरता येते, तरी त्यासाठी पैसे घेणारी बनावट संकेतस्थळे आहेत. मलेशियानेही 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांची सवलत दिली, पण तिथेही आधी डिजिटल कार्ड भरावे लागते. ज्याला इंग्रजी फॉर्म वाचता येत नाही, त्याच्यासाठी ही 'सवलत' एजंटाच्या हातात जाते.

आधार आहे, तरी अडते

नेपाळला तर पासपोर्टचीही सक्ती नाही. 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या चौकटीत ही सीमा खुली आहे आणि उत्तर प्रदेशातील सोनौलीमार्गे लुंबिनीला जाणाऱ्या बसेस नेहमीच्याच. तरीही विमानाने जाणाऱ्यांची अडचण होते, कारण आपल्याकडे 'आधार असले की झाले' ही समजूत पक्की आहे. प्रौढांसाठी वैध कागद म्हणजे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. आधार चालते ते 15 वर्षांखालील आणि 65 वर्षांवरील व्यक्तींना. 15 ते 18 वयाच्या मुलांकडे मतदार ओळखपत्र असण्याचा प्रश्नच नाही, त्यांना शाळेच्या मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातले ओळखपत्र लागते. सहल काढणारे किती आयोजक हे आधी सांगतात?

कागदांची खरी अडचण मात्र नावात आहे. आपल्याकडे स्त्रीचे लग्नानंतर वडिलांचे नाव आणि आडनाव बदलते, कित्येकदा तिचे स्वतःचे नावही बदलले जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक बाई, आधारवर दुसरी, बँकेच्या पासबुकावर तिसरे स्पेलिंग. जातीची खूण पुसण्यासाठी आडनाव बदललेल्या कुटुंबांत बापाचे एक आणि मुलाचे दुसरे आडनाव असते. राजपत्रात नाव बदलून घेतले असेल तर मार्ग निघतो, पण जुन्या पिढीने ते केलेले नसते. वस्तीत कागदपत्रांचे काम करताना रोज दिसते की ज्यांनी स्वाभिमानाने नाव बदलले, त्यांनाच आज प्रत्येक खिडकीवर 'तुम्ही तेच कशावरून?' हा प्रश्न विचारला जातो.

एकच नाव असलेल्यांचीही तीच गत. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्या प्रवाशांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम केला. पुढे दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर चालेल, असा खुलासा आला. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या पूर्ण नावाने हाकच मारली गेली नाही, त्याच्या कागदावर एकच नाव का, हे त्या काउंटरला ठाऊक नसते.

आता जन्माचा दाखलाही महत्त्वाचा झाला आहे. 2025 मध्ये बदललेल्या पासपोर्ट नियमांनुसार 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्माचा दाखलाच ग्राह्य आहे. ऊसतोडीच्या फडावर किंवा वीटभट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद आज राहिली, तर अठरा वर्षांनी त्याचा पासपोर्ट अडेल.

पासपोर्ट हा हक्क कधी झाला?

स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. इतिहास अभ्यासक कलात्मिका नटराजन यांनी 1947 ते 1967 या काळातील भारतीय पासपोर्टचा अभ्यास करून दाखवले आहे की परदेशात देशाची 'प्रतिमा' जपण्याच्या नावाखाली जात आणि वर्ग पाहून कष्टकरी अर्जदारांना रोखले जात होते. 1967 मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा संविधानाच्या कलम 21 मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. म्हणजे आज आपण ज्या खिडकीवर अर्ज करतो, ती कलम 21 मुळे उघडली आहे.

पण वर्गवारी पूर्ण गेली नाही. दहावी पास नसलेल्या आणि इतर कोणत्याही सवलतीत न बसणाऱ्या व्यक्तीचा पासपोर्ट 'ईसीआर' प्रकारचा असतो. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार अशा व्यक्तीला 18 देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारने ईसीआर धारकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचे ठरवले होते. दहावी नापासाची ओळख कव्हरवरच लावण्याच्या या कल्पनेवर टीका झाली आणि त्याच महिन्यात ती मागे घेतली गेली.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ईसीआरची मंजुरी फक्त नोकरीसाठी जाताना लागते. फिरायला किंवा धम्मयात्रेला जाणाऱ्याला ती लागत नाही. दहावी न झालेल्या आईला 'तुम्हाला थायलंडला जाता येणार नाही' असे सांगून जादा पैसे मागणारा एजंट खोटे बोलतो.

सवलतीच्या आडून होणारी फसवणूक

याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. थायलंड आणि मलेशिया हे दोन्ही देश त्या 18 देशांच्या यादीत आहेत आणि दोन्हींनी भारतीय पर्यटकांना व्हिसामुक्त प्रवेश दिला. ईसीआर मंजुरी कितीही कटकटीची असली, तरी तिच्यामागे नोंदणीकृत भरती एजंट, कामाचा करार आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचे 10 लाखांचे विमाकवच असते. एजंट सांगतो, 'मंजुरी कशाला? पर्यटक म्हणून चल, तिथे काम लावून देतो.' मुलगा पर्यटक म्हणून निघतो आणि त्याच क्षणी हे सगळे संरक्षण गमावतो. व्हिसामुक्त प्रवेशात कामाचा परवाना नसतो, त्यामुळे तिथे तो बेकायदा कामगार ठरतो. मालकाने पासपोर्ट काढून घेतला तर पोलिसांकडे जायचीही त्याला भीती वाटते.

मार्च 2025 मध्ये म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या केंद्रांत अडकलेल्या 549 भारतीयांना थायलंडमधील माए सोत येथून हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्यांना चांगल्या नोकरीचे आमिष दाखवण्यात आले होते. इराणने फेब्रुवारी 2024 मध्ये भारतीयांना दिलेली व्हिसामुक्त सवलत 22 नोव्हेंबर 2025 पासून स्थगित केली. नोकरीच्या आमिषाने तिथे नेलेल्या भारतीयांचे खंडणीसाठी अपहरण झाल्याचे आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेच तेव्हा सांगितले. सवलत देणारा देश पर्यटकांच्या पैशासाठी ती देतो आणि त्याला वाटेल तेव्हा काढून घेतो. तिच्या भरवशावर कोणाचे पोट उभे राहू शकत नाही.

आपण काय करू शकतो?

धम्मसहल काढणाऱ्या संस्थांनी पैसे घेण्याआधी प्रत्येकाचा पासपोर्ट हातात घेऊन वैधता, नावाचे स्पेलिंग आणि वयानुसार लागणारे कागद तपासावेत. नियम सतत बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर न जाता संबंधित देशाचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे. डिजिटल कार्ड विहारातच एकत्र बसून भरता येईल, त्यासाठी कॉलेजात जाणारी दोन मुले पुरेशी आहेत. परदेशात कामाला जाणाऱ्याने 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर एजंटाची नोंदणी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. 'पर्यटक म्हणून चल' म्हणणाऱ्या एजंटाला तिथेच नकार द्यावा.

आणि जयंतीच्या वर्गणीतून एक काम जरूर व्हावे : वर्षातून एकदा वस्तीत कागदपत्र शिबिर. जन्मनोंद, नावातील दुरुस्ती, राजपत्र, मतदार ओळखपत्र आणि मग पासपोर्ट, याच क्रमाने. प्रौढांच्या साध्या पासपोर्टची फी 1500 रुपये आहे. त्याआधीचे कागद जुळवण्यात बुडणारी मजुरी कित्येकदा त्याहून जास्त असते. तो भार एकट्या माणसावर न टाकता आपण वाटून घेतला, तर कलम 21 ने दिलेला हक्क आपल्या वस्तीपर्यंत पोहोचेल.