जागा नाही, पण कोणाला?

नवे रुग्ण घेण्यास डॉक्टरांना सवड नाही, ही तक्रार अमेरिकेत नेहमीची आहे. या सवडीची परीक्षा २०१० साली शिकागो व त्याच्या परिसरात, म्हणजे कुक काउंटीत, घेण्यात आली. आजारी मुलाची आई म्हणून संशोधकांच्या साहाय्यकांनी २७३ विशेषज्ञ दवाखान्यांना दोन-दोन वेळा दूरध्वनी केले. हाताचे मोडलेले हाड, मधुमेह, आटोक्यात न येणारा दमा अशी दुखणी सांगितली. दोन्ही वेळा दुखणे तेच, विमा तेवढा निराळा. खासगी विमा सांगणाऱ्या आईला शंभरांत ११ वेळा नकार मिळाला. गरिबांच्या सरकारी विम्याचे नाव घेताच ६६ वेळा. ज्या दवाखान्यांनी दोघींनाही वेळ दिली, त्यांनी गरीब मुलाला सरासरी २२ दिवस अधिक थांबविले. मोडलेले हाड इतके दिवस वाट पाहत नाही, हे सांगण्यास विशेषज्ञ लागत नाही.

म्हणजे सवड होती. ती कोणाला द्यावयाची हे विम्याचा दर ठरवीत होता. गरिबांसाठीची 'मेडिकेड' योजना १९६५ च्या कायद्याने आली. तिचे दर राज्ये ठरवितात आणि ते बहुतेक ठिकाणी वृद्धांच्या 'मेडिकेअर'हूनही कमी असतात. खासगी कंपन्या त्याहून पुष्कळ अधिक देतात. तो रुग्ण घेण्याचे बंधन खासगी डॉक्टरवर नाही.

सारा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे मात्र सोपे आणि अपुरे आहे. २०१३ व २०१४ मध्ये केंद्राच्या पैशाने प्राथमिक उपचारांचे दर मेडिकेअरइतके करण्यात आले, तेव्हा दहा राज्यांतील पाहणीत मेडिकेडच्या रुग्णांना वेळ मिळण्याचे प्रमाण ५८.७ टक्क्यांवरून ६६.४ टक्क्यांवर गेले. पुढे तो निधी थांबला. तथापि दर वाढूनही तिघांतील एक जण दाराबाहेरच होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्याकडे २०१८ साली आयुष्मान भारतचे कार्ड आले. महात्मा फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रात त्याआधीपासून आहे. ठरलेल्या दरांवर या योजनांत यावे की नाही, हे सामान्यतः खासगी रुग्णालयाच्याच मर्जीवर असते. किती कार्डे वाटली याचे आकडे सरकार मोठ्या उत्साहाने जाहीर करते. कार्यकर्त्यांनी निराळे आकडे मागावेत. तालुक्यातील किती रुग्णालये योजनेत आहेत, कोणत्या आजारांपुरती आहेत, आणि 'खाट रिकामी नाही' म्हणून किती कार्डधारक परत पाठविले गेले? अशा प्रत्येक नकाराची लेखी नोंद रुग्णालयाने कारणासह ठेवावी, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांपुढे आधी ठेवावी लागेल.