वॉचमनला भंगारात कोण काढतं?

परवा गावाहून मावशीचा फोन आला. शेजारच्या काकू गेल्या. गर्भाशयमुखाचा कॅन्सर. ''काही दुखतच नव्हतं बघ तिचं. कळालं तवा लई उशीर झाला होता,'' मावशी म्हणाली. मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये. हातातला चहा तसाच गार झाला.

बीएस्सीला वाचलेलं आठवलं. आपल्या पेशीत पी-५३ नावाचं एक प्रोटीन असतं. शोध १९७९चा. एकटं तीन माणसांचं काम करतं. पेशीच्या डीएनएत बिघाड दिसला की हे आधी विभाजन थांबवतं, मग दुरुस्तीला माणसं बोलावतं आणि दुरुस्ती होणारच नसेल, तर त्या पेशीला सरळ आत्महत्येचा हुकूम देतं. थोडक्यात, सोसायटीचा कडक वॉचमन! निम्म्याहून अधिक कॅन्सरांत या वॉचमनचा जीनच बिघडलेला सापडतो.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची गोष्ट मात्र वेगळी. तिथं वॉचमन बहुतेक वेळा धडधाकट असतो. पण एचपीव्ही हा व्हायरस ई-६ नावाचं स्वतःचं प्रोटीन बनवतो. ते पेशीतल्याच एका कर्मचाऱ्याला हाताशी धरतं आणि पी-५३वर 'भंगार' अशी चिठ्ठी डकवतं. पेशीची कचरा यंत्रणा इमानेइतबारे त्याचे तुकडे करून टाकते. गेट उघडं!

पण मंडळी, हे एका रात्रीत होत नाही. बहुतेकींचा एचपीव्ही एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांचा मुक्काम ठोकतो, त्यांच्यातल्या काहींना कॅन्सर होतो, तोही बहुधा दहा-वीस वर्षांनी. म्हणजे व्हायरसला गाठायला आपल्याकडे भरपूर वेळ असतो.

हे जगाला दाखवून दिलं आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. १९९९पासून इथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांनी मिळून अभ्यास केला. निकाल २००९ मध्ये आला. एचपीव्ही टेस्टच्या गटात सुमारे ३४ हजार बायका होत्या, त्यात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच उपचारांवर सोडलेल्या साडेएकतीस हजारांत ६४. टेस्ट फक्त एकदा केलेली, तरी मृत्यू जवळपास निम्मे!

टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पुढे तपासणी होते आणि पेशी बिघडायला लागल्या असतील, तर तेवढाच भाग वेळीच काढता येतो.

मावशीला हे सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ''अन् तू केलीस का गं?''

मी एकतीस वर्षांची. दरवर्षी कंपनीच्या पॅकेजमध्ये शुगर, कोलेस्टेरॉल, झालंच तर व्हिटॅमिन डीसुद्धा. ही टेस्ट? एकदाही नाही.

पुढच्या शनिवारी मावशी पुण्याला येतेय. अपॉइंटमेंट दोघींची घेतलीय. तुमचं काय?