विश्लेषण : देणगीदारच कंत्राटदार असेल तर? ‘शक्तिपीठ’आधी हा हिशेब का हवा?

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी राज्य मंत्रिमंडळाने २४ जून २०२५ रोजी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मंजुरी दिली. ८०२ किलोमीटरची मूळ आखणी नांदेड, लातूरसह १२ जिल्ह्यांतून जाते. जमीन का द्यायची आणि मोबदला किती, यावरून या पट्ट्यात आंदोलने झाली. मात्र रस्ता बांधणारी कंपनी कशी निवडणार, हा प्रश्न मागेच राहिला. तो आताच का विचारायला हवा, हे ठाण्यातील दोन प्रकरणांवरून कळते.

रोखे आणि बोगदा

स्टेट बँकेच्या आकडेवारीनुसार हैदराबादच्या मेघा इंजिनीअरिंग कंपनीने एकूण ९६६ कोटींचे निवडणूक रोखे घेतले. त्यापैकी १४० कोटींचे रोखे ११ एप्रिल २०२३ रोजी घेतले होते. त्यानंतर महिन्याभरात ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे १४,४०० कोटींचे काम याच कंपनीला मिळाले, याकडे ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांनी लक्ष वेधले. हा योगायोग की परतफेड? परतफेड झाल्याचे न्यायालयात सिद्ध झालेले नाही. रोख्यांमागील देवाणघेवाणीची विशेष पथकामार्फत चौकशी करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली.

कमी दर, तरीही बाहेर

ठाणे-घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्ग ही एमएमआरडीएची सुमारे १४ हजार कोटींची कामे. त्यांच्या निविदेत लार्सन अँड टुब्रो तांत्रिक टप्प्यावरच अपात्र ठरली. तांत्रिक टप्प्यावर बाद झालेल्या कंपनीचा दराचा लिफाफा उघडला जात नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा तिचे दर सुमारे ३ हजार कोटींनी कमी असल्याचे समोर आले. ३० मे २०२५ रोजी एमएमआरडीएने निविदाच रद्द केली. या सुनावणीत देणगीचा मुद्दा नव्हता. पण मेहेरनजर दाखवायची असेल, तर दरापेक्षा पात्रतेच्या अटींत ती सहज लपू शकते, एवढे यातून स्पष्ट झाले.

कायदा काय सांगतो?

२०१७ पर्यंत कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येत होती. ती मर्यादा काढून टाकण्यात आली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांसह हा बदलही घटनाबाह्य ठरवला.

रोखे गेले, पण इलेक्टोरल ट्रस्टचा मार्ग खुला आहे. अनेक कंपन्या ट्रस्टला पैसे देतात आणि ट्रस्ट पक्षांना. त्यामुळे कोणाचा पैसा कोणाकडे गेला, याचा थेट माग लागत नाही. २० हजारांपेक्षा मोठ्या देणग्यांची नावे पक्ष निवडणूक आयोगाला देतात, तीही वर्षातून एकदा. तोवर निविदा उघडून कार्यारंभ आदेशही निघालेला असू शकतो.

मग उपाय काय?

देणगी देणे गुन्हा नाही आणि देणगीदाराला काम मिळणे हा भ्रष्टाचाराचा पुरावा नाही. म्हणूनच संशयाला जागा न ठेवणे सरकारच्याच हिताचे आहे. त्यासाठी तीन गोष्टी करता येतील. निविदा भरणाऱ्या कंपनीकडून मागील तीन वर्षांतील राजकीय देणग्यांचे, ट्रस्टमार्फत दिलेल्या रकमांसह, शपथपत्र घ्यावे. अपात्र ठरलेल्या कंपन्यांची नावे आणि कारणे लगेच संकेतस्थळावर टाकावीत. मोठ्या देणग्या काही दिवसांतच जाहीर करणे पक्षांना बंधनकारक करावे.

नांदेड किंवा लातूरच्या शेतकऱ्याची जमीन घेतली जाते, तेव्हा गट क्रमांक, क्षेत्र आणि मालकाचे नाव राजपत्रात छापले जाते. त्या जमिनीवर हजारो कोटींचे काम करणाऱ्याने कोणत्या पक्षाला किती पैसे दिले, हेही तितक्याच उघडपणे आणि निविदा उघडण्याआधी दिसायला हवे.